तीनशे अठरा ग्रॅमचा टॉवेल

टॉवेल काट्यावर ठेवला तेव्हा तीनशे अठरा ग्रॅम भरला. काटेवाल्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, आकडा पुन्हा वाचला आणि म्हणाले, "अठरा ग्रॅम जास्त आहे."

"घाम आहे तो," वहिनी म्हणाली.

कोणी हसलं नाही. गुरुवार होता, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. रुग्णालयाच्या तळघरातल्या धुलाई विभागात त्या वेळी सात बायका, काटेवाले आणि बाळंतिणींच्या वॉर्डाकडे निघालेली एक ट्रॉली एवढंच होतं. ट्रॉलीत साठ टॉवेल हवे होते, एकोणसाठ होते. साठावा वहिनीच्या निळ्या कोटाच्या आत, छातीच्या हाडाला लागून डावीकडे, चार घड्या घालून ठेवलेला निघाला. निघाला म्हणजे कोणी झडती घेऊन काढला नाही. काटेवाल्यांनी हातातलं काम थांबवायला सांगितलं तेव्हा तिनेच कोटाची दोन बटणं सोडली आणि टॉवेल त्यांच्या हातात दिला. तो अजून गरम होता.

काटेवाल्यांचं खरं नाव पगाराच्या कागदाखेरीज कुठे उरलं नव्हतं. तळघरात येणारं आणि तळघरातून जाणारं प्रत्येक कापड त्यांच्या काट्यावरून जायचं. मळकं किती, ओलं किती, कोरडं किती, हे बावीस वर्षं ते एका लांबट वहीत लिहीत होते. नातू झाला तेव्हा त्यालाही आधी काट्यावर ठेवून मगच मांडीवर घेतलं असेल, असं बायका त्यांच्या तोंडावर म्हणायच्या. ते चिडायचे नाहीत. "तीन किलो दोनशे," म्हणायचे.

त्या दिवशीही ते चिडले नव्हते. ट्रॉली तीनशे ग्रॅमने हलकी होती, म्हणून त्यांनी थांबवली. टॉवेल सापडला, म्हणून वहीत लिहिला. वही संध्याकाळी वर गेली आणि सुट्टी व्हायच्या आत वहिनीच्या हातात मेमो पडला. रुग्णालयाच्या मालकीची वस्तू अंगावर लपवून बाहेर नेण्याचा प्रयत्न. उद्या सकाळी अकरा वाजता लेखी खुलासा घेऊन हजर राहावे.

चोरीचा शेरा बसला की या कामात पुढे कुठेच दार उघडत नाही. रुग्णालयाच्या कापडात चोरी करणारी बाई दुसऱ्या रुग्णालयातही कोणी ठेवत नाही आणि हॉटेलच्या लाँड्रीतही नाही. वहिनीला हे सांगायची कोणाला गरज नव्हती.

ती वहिनी कशी झाली, तेही सांगायला हवं. तिची नणंद, नवऱ्याची मोठी बहीण, याच तळघरात सव्वीस वर्षं होती. तिनेच चार वर्षांपूर्वी तिला इथे लावलं, अर्जाच्या मागे 'ओळखीची, खात्रीची' असं लिहून सही केली. नणंद तिला वहिनी म्हणायची, म्हणून सगळ्याच म्हणायला लागल्या. ती नणंदेला वन्सं म्हणायची, म्हणून पंचवीस वर्षांच्या मुलीही तिला वन्सं म्हणायच्या. आख्ख्या विभागाचं एकमेकींशी नातं जुळलं होतं, आणि त्यातलं खरं एवढंच एक होतं.

टॉवेल छातीवर का गेला, याची सुरुवात सतरा दिवस आधीची.

धुलाईयंत्रातून चादरी बाहेर काढायला पूर्वी दोघी असायच्या. ड्रम थांबला की चादरी पिळून एकमेकींत अडकून बसतात, दोरासारखा एकच लांब वेढा होतो. एकीने टोक धरायचं, दुसरीने मधला गुंता हातावर तोलायचा आणि दोघींनी एका दमात मागे सरायचं. याला बायका जोडी म्हणायच्या. कोणाची जोडी कोणाशी, यावरून रुसवे व्हायचे.

सहा महिन्यांपूर्वी नवी यंत्रं आली. त्यांच्या अंगावर पत्र्याची पाटी होती. दाब किती, वीज किती, पाणी किती, आणि शेवटी: चालक १. मॅनेजरबाईंनी ती पाटी वाचली आणि जोडी मोडली. यंत्राला एकच माणूस लागतो असं बनवणाऱ्यानेच लिहिलंय, मग दुसरी तिथे उभी राहून काय करते, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. त्याला तेव्हा कोणी उत्तर दिलं नाही. सात बायकांतल्या दोघी दोन यंत्रांवर, बाकीच्या इस्त्रीच्या गरम रोलरवर आणि घड्यांवर. आठवड्याने पाळी बदलायची.

त्या सोमवारी दोन नंबरच्या यंत्रावर वहिनी होती. अकराच्या सुमाराला तिने सहावा वेढा ओढला. तो निम्म्यावर अडकला. तिने पाय यंत्राच्या कडेला लावून हिसका दिला, आणि छातीच्या मधल्या हाडाच्या डावीकडे, दोन बोटं मावतील एवढ्या जागेत, कोणीतरी खिळा ठोकल्यासारखं झालं. श्वास घ्यायला गेली तर तो अर्ध्यावरच थांबला.

डावीकडे छातीत दुखतंय म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं. चाकाची खुर्ची आली. तिला तातडीच्या विभागात नेलं, छातीला तारा लावून हृदयाची पट्टी काढली, रक्त घेतलं. तीन तासांनी डॉक्टर आले. तरुण होते, घाईत होते, पण हुशार होते. त्यांनी एका बोटाने नेमक्या जागी दाबलं, तेव्हा वहिनीने त्यांचं मनगट धरलं.

"हृदय ठणठणीत आहे," ते म्हणाले. "बरगडी जिथे मधल्या हाडाला मिळते तिथे कूर्चा असते, मऊ हाडासारखी. ती सुजली आहे. ओढाताणीने होतं. पहिले दोन-तीन दिवस बर्फ. फडक्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. कातडीवर थेट नको. ठणका कमी झाला की मग गरम शेक. आणि तीन आठवडे ओढणं-उचलणं पूर्ण बंद."

हे ते बोलले. कागदावर त्यांनी लिहिलं: हृदय निर्दोष. घरी सोडावे. आणि केसपेपर बंद केला.

दुसऱ्या दिवशी वहिनी तो कागद घेऊन मॅनेजरबाईंकडे गेली. बाईंनी वाचला आणि त्यांचा चेहरा खरोखर उजळला. "चला, काही निघालं नाही. मी तर घाबरलेच होते."

"निघालंय," वहिनी म्हणाली. "सूज आहे. तीन आठवडे ओढायचं नाही म्हणालेत."

"कुठे म्हणालेत?"

"तोंडी."

"इथे तर घरी सोडावे लिहिलंय. म्हणजे बऱ्या आहात. वेदना थोड्या राहतीलच, वयाचा भाग आहे." बाई तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या होत्या.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, बारा चाळीसला, वहिनी तिसऱ्या मजल्यावर गेली. तिथे व्यायामोपचाराच्या खोलीत बर्फाचं यंत्र होतं. गुडघे, खांदे, घोटे घेऊन येणाऱ्या पेशंटांना तिथून पिशवी भरून मिळायची. खिडकीत कारकून होता.

"केसपेपर नंबर?"

"बंद झाला काल."

"मग बर्फ कुणाच्या नावावर देऊ?"

"माझ्या."

"तुम्ही पेशंट आहात?"

"नाही. मी खाली धुलाईत आहे. तुमच्या त्या पिशव्यांची फडकी मीच धुते."

"ते ठीक आहे हो ताई, पण बर्फ पेशंटचा आहे. नवा केसपेपर काढून या, लगेच देतो."

ती तळमजल्यावर गेली. केसपेपरच्या खिडकीतल्या मुलीने विचारलं, काय होतंय. छातीत दुखतंय. मुलीने पेन खाली ठेवलं आणि घंटा वाजवली. छातीचं दुखणं आलं की इकडे-तिकडे न पाठवता थेट तातडीच्या विभागात न्यायचं, असा नियम होता. पुन्हा खुर्ची आली. वहिनी म्हणाली, मला चालता येतं. तरी तिला बसवलं. पट्टी काढणाऱ्याने तिला ओळखलं.

"परत आलात?"

"बर्फ पाहिजे."

"इथे नसतो बर्फ. इथे पट्टी निघते."

त्याने पट्टी काढली. हृदय निर्दोष. केसपेपर बंद. दोन वाजून गेले होते, आणि काटेवाल्यांनी वहीत लिहिलं होतं: यंत्र दोन, एक तास वीस मिनिटं बंद.

घरी बर्फ होता. संध्याकाळी नवरा फ्रीजमधले तुकडे हातरुमालात बांधून द्यायचा. बसदुरुस्तीच्या कारखान्यात त्याचे हात दिवसभर तापलेल्या लोखंडात असायचे, त्यामुळे बर्फ धरून बसायला त्याची काही तक्रार नव्हती. वीस मिनिटांनी ठणका खाली बसायचा, तिला पाठीवर आडवं होता यायचं. सकाळी श्वास जवळजवळ पूर्ण जायचा. आणि साडेसातला पहिला वेढा ओढला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्या आठवड्यापुरती पाळी बदला असं तिने सुचवलं होतं; त्याला वरून सही लागत होती, आणि वर तिचा कागद 'निर्दोष' म्हणून फाईलला लागला होता.

बुधवारी तिने पहिल्यांदा रोलरवरून निघालेला टॉवेल छातीला लावला. अजून शेकायची वेळ नव्हती, हे तिला ठाऊक होतं. डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं आणि तिने नीट ऐकलं होतं. पण थंडासाठी केसपेपर लागत होता, गरमाला काहीच लागत नव्हतं. त्या तळघरात चारी बाजूंनी वाफ होती. दहा मिनिटं फार बरं वाटलं. मग जागा तापून सुजली आणि दुपारभर तिला शिंक आली तरी टेबल धरावं लागलं.

पुढच्या आठवड्यात तिची पाळी रोलरवर आली. त्या चार-पाच दिवसांत ठणका उतरला, दुखणं बोथट झालं, आणि आता शेकाचा खरोखर उपयोग व्हायला लागला. टॉवेल छातीला लावायचा, निवला की मळक्या कपड्यांत टाकायचा, म्हणजे तो पुन्हा धुतला जाई. कोणाचं काही बिघडत नव्हतं. मग एकीचं मूल आजारी पडलं, तिच्या जागी वहिनीला मंगळवारपासून पुन्हा यंत्रावर जावं लागलं. गुरुवारी ती यंत्रावर होती, टॉवेल कोटात होता, आणि तो मळक्यात टाकायला वेळ मिळायच्या आत ट्रॉली काट्यावर गेली.

एवढंच झालं होतं. यात चोरी कुठे होती, हे मेमो लिहिणाऱ्याला दिसलं होतं.

त्या संध्याकाळी वन्सं घरी आल्या. त्या दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. चप्पल काढायच्या आधीच त्यांनी विषय काढला.

"दोन ओळी लिही आणि मोकळी हो. चूक झाली, पुन्हा होणार नाही. मी बोलले आहे बाईंशी. माफी लिहिली तर तोंडी समज देऊन सोडतील."

"चूक कोणती लिहू?"

"टॉवेल घेतला ती."

"घेतला नाही, वन्सं. लावला."

"तुझा हा काटेकोरपणा काटेवाल्यांना शोभतो. तुला पगार वेगळ्या कामाचा मिळतो."

नवरा बर्फाचा रुमाल घेऊन उभा होता. "ताई, तिनं चोरी केली असं तुला वाटतं?"

"मला काय वाटतं याला कोण विचारतंय? सही माझी आहे तिच्या अर्जावर. खात्रीची म्हणून. मला दोन वर्षं राहिलीत."

वहिनीने रुमाल घेतला आणि छातीवर धरला. "माफी लिहिली म्हणजे चोरी केली असंच होतं ना. मग तुमची खात्री खोटी ठरते. नाही लिहिली तर निदान ती खरी राहते."

"शहाणी आहेस. दुखतं काय तुला एकटीलाच?" वन्सं बोलून गेल्या, आणि मग थांबल्याच नाहीत. "मी काय करते वाटतं तुला? सुट्टीत रोलरच्या बाजूच्या पत्र्याला छाती टेकवून उभी राहते. वीस-वीस मिनिटं. टॉवेल नाही घेत मी. पत्र्याला काट्यावर ठेवता येत नाही."

वहिनीने ते रोज पाहिलं होतं. सगळ्या जेवायला बसल्या की वन्सं रोलरपाशी तोंड करून उभ्या असायच्या. तिला वाटायचं, त्यांना सव्वीस वर्षांत या डब्याच्या गोतावळ्याचा कंटाळा आला असेल.

"कधीपासून?"

"जोडी मोडली त्याच्या पुढच्या महिन्यापासून."

"आणि बोलला नाहीत."

"बोलून काय? पट्टी काढतात. माझीही काढली. निर्दोष आहे." वन्संनी डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. "घड्यांवरच्या दोघींची पण काढली आहे. त्यांनी एकमेकींनाही सांगितलं नाही. हृदयाचं नाव निघालं की कामावरून काढतील म्हणून घाबरतात, आणि नाही निघालं की काही झालंच नाही असं होतं."

वहिनीने रुमाल बाजूला ठेवला. वीस मिनिटं व्हायची होती. "मुलीची वही आण रे," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि कार्बन असेल तर बघ."

शुक्रवारी अकरा वाजता मॅनेजरबाईंच्या खोलीत चार खुर्च्या होत्या. बाई, काटेवाले, वहिनी, आणि तिला कामाला लावणारी म्हणून वन्सं. कोपऱ्यात छोटा फ्रीज होता. बाईंनी त्यातून पाण्याची बाटली काढून वहिनीपुढे ठेवली.

"त्यात बर्फ होतो का हो?" वहिनीने विचारलं.

"कशात?"

"फ्रीजमध्ये."

"होतो थोडा. का?"

"काही नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत गेले होते मी."

तिने दोन पानांचा खुलासा वाचायला घेतला. कोणत्या तारखेला, किती वाजता, कितवा वेढा. डॉक्टर तोंडी काय म्हणाले, कागदावर काय लिहिलं. बर्फाच्या खिडकीत कोण काय बोललं. खुर्चीत किती वेळा बसवलं. मॅनेजरबाईंनी दुसऱ्या पानावर तिला थांबवलं.

"हे विचारलेलं नाही. टॉवेल का घेतला, एवढंच लिहायचं होतं."

"तेच लिहिलंय. टॉवेल शेवटच्या ओळीत येतो."

"तुमच्या वैयक्तिक दुखण्याशी विभागाचा संबंध नाही. प्रश्न टॉवेल बाहेर नेण्याचा आहे."

"बाहेर गेला नाही तो," काटेवाले म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी लांबट वही मांडीवर उघडली होती. "माझ्या काट्यावर आला. दोन दहा. विभागातच."

"गेला असता," बाई म्हणाल्या.

"गेला असता, ते मी वजनात धरत नाही."

"तुम्हीच तर लिहिलंत, अंगावर सापडला."

"अंगावर सापडला, लिहिलं. बाहेर नेत होती, असं मी लिहिलेलं नाही. ते वरून लिहिलंय."

वहिनीने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. रात्री तिने याची तयारी केली नव्हती. ते समोर बसले होते आणि वही उघडी होती म्हणून तिला सुचलं. "काटेवाले, एका वेढ्याचं वजन किती असतं? ओल्या."

"बावन्न किलो. यंत्रात कोरडं पस्तीस जातं, पिळून बावन्न निघतं."

"दिवसाला किती?"

"सोळा खेपा. आठशे बत्तीस किलो." त्यांनी पान उलटलं. "सहा महिन्यांपूर्वी माणशी चारशे सोळा होतं."

ते हे कोणाच्या बाजूने बोलत नव्हते. आकडा विचारला होता, त्यांनी दिला. बावीस वर्षांत त्यांना कोणी बेरीज विचारली नव्हती, फक्त तूट विचारली होती.

मॅनेजरबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "हे बघा. जोडीचा विषय संपलेला आहे. यंत्र एका माणसाचं आहे. मी मनाने केलेलं नाही ते. पाटीवर लिहिलंय, चालक एक."

"बरोबर लिहिलंय," वहिनी म्हणाली. "चालवते मी एकटीच. बटण दाबायला दुसरी कशाला? पण चादरी काही यंत्र बाहेर फेकत नाही. त्या ओढणारीचं पाटीवर काही नाही. एकही नाही नि दोनही नाहीत. बनवणाऱ्याला वाटलं असेल, ते आपण बघून घेऊ."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांचा आवाज मऊ झाला, आणि वहिनीला त्या मऊपणाचाच जास्त राग आला.

"मी असं करते. धुलाई विभागासाठी दोन गरम पाण्याच्या पिशव्या मंजूर करते. बर्फाचंही बघते. भिंतीवर एक सूचना लावू, किती वेळ थंड, किती वेळ शेक, सगळ्यांनाच उपयोगी पडेल. तुम्ही हा खुलासा परत घ्या. यंत्राचं काढा, बाकीच्यांचं काढा. टॉवेल दुखत होतं म्हणून लावला, एवढं लिहा. मेमो मी मागे घेते."

सुटकेचं दार एवढं उघडं होतं की वन्संनी नकळत मान डोलावली.

"पिशवी छातीला धरू की चादर ओढू?" वहिनी म्हणाली. "दोन्ही हात लागतात बाई चादरीला. डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. थंड, मग गरम, आणि ओढणं बंद. पहिल्या दोन तुम्ही भिंतीवर लावताय. मी अठरा दिवस त्या दोन करतेय. तिसरी केल्याशिवाय त्यांचा काही उपयोग नाही, हे मी अंगावर करून बघितलंय."

"तुम्ही अडून बसू नका."

"मी बसलेय कुठे? माझ्या यंत्रात सातवी खेप थांबलेली आहे." तिने मूळ पानं टेबलावर ठेवली आणि कार्बनची प्रत पुढे सरकवली. "यावर पोच द्या."

"कशाला?"

"खुलासा मागितला होता, दिला. मिळाल्याची पोच."

पोच मागितल्यावर ती न देण्याचा नियम कोणत्याच कार्यालयात नसतो. बाईंनी शिक्का मारला, तारीख टाकली. वेळ टाकायला विसरल्या. वहिनीने तीही टाकून घेतली.

जिना उतरताना वन्सं तिच्या पुढे होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "मिळत होतं ते घालवलंस."

"काय मिळत होतं?"

"पिशवी," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं. हसल्यावर छातीत कळ आली म्हणून त्या कठड्याला धरून थांबल्या. वहिनीही थांबली. तिलाही हसता येत नव्हतं. दोघी जिन्यात, एक हात छातीवर आणि एक कठड्यावर ठेवून, श्वास बसेपर्यंत उभ्या राहिल्या.

खाली पोचल्या तेव्हा बारा वाजायला पाच मिनिटं होती. दोन नंबरच्या यंत्राचा ड्रम थांबलेला होता, दिवा लागलेला होता. वहिनीने दार उघडलं. बावन्न किलोचा वेढा नेहमीसारखा एका बाजूला चिकटून बसला होता. तिने टोक शोधून काढलं, हातात धरलं आणि ओढलं नाही.

"वन्सं," तिने हाक मारली. आवाज मोठा केला नव्हता, पण घड्यांवरच्या बायका थांबल्या. "या. मधलं धरा."

वन्सं रोलरपाशी पोचल्या होत्या. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, मग जिन्याकडे. दोन वर्षं राहिली होती. रोलर बंद केला तर तो पुन्हा तापायला बारा मिनिटं लागतात आणि ती बारा मिनिटं वहीत जातात. सव्वीस वर्षांत वन्संनी रोलर कामाच्या मध्ये कधी बंद केला नव्हता. त्यांनी बटण खाली केलं, हात पुसले आणि आल्या.

"हिसका देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "पाय लावायची सवय सोड ती. मी म्हणेन तेव्हा."

त्या म्हणाल्या तेव्हा दोघी मागे सरल्या. वेढा निम्म्यावर अडकला, वन्संनी तो हातावर तोलून वळवला, आणि तो बाहेर आला. दुखलं. पण श्वास थांबला नाही. एक नंबरच्या यंत्रावरची मुलगी बघत होती. घड्यांवरची एक जण उठली आणि तिच्यापाशी जाऊन उभी राहिली.

काटेवाले आपल्या जागी येऊन बसले होते. त्यांनी ट्रॉली काट्यावर घेतली. बावन्न किलो दोनशे. लांबट वहीत यंत्र, वेळ आणि वजन यांच्या शेवटी 'माणसं' असा एक रकाना होता. सहा महिने त्यात सरळ खाली एक, एक, एक असं होतं. त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि दोन लिहिलं.

त्या दुपारी चादरी पंचेचाळीस मिनिटं उशिरा वर गेल्या. वही पाचला गेली. पाच वीसला तळघरातला फोन वाजला. काटेवाल्यांनी उचलला. बायका कोट काढत होत्या, त्या तशाच थांबल्या.

"हो," काटेवाले म्हणाले. "हो, सांगतो." त्यांनी फोन कानापासून थोडा दूर धरला. "वहिनी, मेमो मागे घेतलाय म्हणतात. तुमचा खुलासा परत घेऊन जा."

"मूळ पानं ठेवा म्हणावं," वहिनी म्हणाली. "माझ्याकडे पोच आहे."

काटेवाल्यांनी तसंच सांगितलं, शब्द न बदलता. मग बराच वेळ पलीकडून बोलणं चाललं होतं. ते वहीची पुढची कोरी पानं बोटाने सरळ करत ऐकत राहिले.

"दोन होत्या म्हणून दोन लिहिलं," ते म्हणाले.

पुन्हा पलीकडचं बोलणं.

"उद्या एक असली तर उद्या एक लिहीन," ते म्हणाले, आणि वहिनीकडे पाहिलं. "पण तसं दिसत नाही."